सेंट्रिंग काढायचंच नाही अशी भिंत

आपल्याकडे काँक्रीट घट्ट झालं की सेंट्रिंग खोलतात. आयसीएफ (इन्सुलेटेड काँक्रीट फॉर्म) या बांधकाम पद्धतीत मात्र साचा तसाच राहतो आणि तोच भिंतीचं इन्सुलेशन बनतो! उत्तर अमेरिकेत, विशेषतः कडाक्याच्या थंडीच्या भागात, ही पद्धत चांगलीच रुजली आहे.

थर्माकोलचे दोन जाड थर आणि त्यांना ठरावीक अंतरावर धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, असा एकेक ब्लॉक. ब्लॉक खाचेत खाच बसवून रचायचे. आडव्या सळया पट्ट्यांच्या खोबणीत बसतात, उभ्या वरून सोडायच्या. घरासाठी मधला गाळा बहुधा 6 इंचांचा.

खरी कसोटी काँक्रीट ओतताना. पूर्ण उंची एका दमात भरली, तर ओल्या मालाच्या दाबाने साचा फुटतो. म्हणून घराभोवती फिरत तीन-चार फुटांचे थर द्यायचे. आणि नीडल व्हायब्रेटर हवाच, कारण आत पोकळी राहिली तर ती थर्माकोलआड दिसणारच नाही.

घरात आवाज कमी येतो, हीटरचं बिल उतरतं. पण थर्माकोल उघडा ठेवू नका: बाहेरून प्लास्टर किंवा क्लॅडिंग, नाहीतर उन्हाने तो पिवळा पडून भुगा होतो. आतून जिप्सम बोर्ड लावाच, आगीपासून संरक्षणासाठी.