परागगणना व गतकालीन वनस्पतिविविधता

सरोवरांच्या तळाशी वा पीटच्या थरांत साचून राहिलेल्या परागकणांवरून त्या परिसरात पूर्वी किती प्रकारच्या वनस्पती होत्या, याचे अनुमान करण्याची पद्धती. परागकणाचे बाह्यकवच स्पोरोपोलेनीन या अत्यंत चिवट द्रव्याचे असल्यामुळे ऑक्सिजनविरहित गाळात ते हजारो वर्षे टिकते. स्वीडिश भूवैज्ञानिक लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये परागांच्या शेकडा प्रमाणांचे थरवार आलेख मांडून या अभ्यासाचा पाया घातला.

गाळाच्या नमुन्यातील खनिजे व इतर जैव द्रव्ये रासायनिक संस्काराने काढून टाकतात आणि उरलेले पराग सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून मोजतात. जितके अधिक कण मोजावेत तितके अधिक प्रकार आढळतात. म्हणून ३०० कणांत सापडलेले २० प्रकार आणि १,००० कणांत सापडलेले ३० प्रकार यांची सरळ तुलना करता येत नाही. मोठ्या नमुन्यातून यदृच्छया ३०० कणच उचलले असते, तर किती प्रकार मिळाले असते, हे संभाव्यतेच्या गणिताने काढावे लागते. सँडर्स यांनी सागरी प्राण्यांसाठी १९६८ मध्ये सुचविलेली व हर्लबर्ट यांनी १९७१ मध्ये दुरुस्त केलेली ही रीत बर्क्स व लाइन यांनी १९९२ मध्ये परागगणनेच्या संदर्भात मांडली.

तथापि परागांचे प्रकार म्हणजे वनस्पतींच्या जाती नव्हेत. बहुतेक रानटी गवतांचे पराग इतके सारखे असतात की, कुरणात गवताच्या दहा जाती असल्या तरी गणनेत एकच प्रकार नोंदला जातो. पाइनसारखे वायुपरागित वृक्ष विपुल पराग उधळतात. कीटकपरागित वनस्पतींचे पराग मात्र गाळात क्वचितच पोहोचतात.

याहून फसवी अडचण जंगलतोडीच्या काळातील थरांत आढळते. डेन्मार्कमधील नवाश्मयुगीन शेतकऱ्यांनी अरण्य तोडल्याच्या खुणा योहानेस इव्हर्सन यांनी १९४१ मध्ये परागांवरून दाखविल्या. तेथे वृक्षांचे पराग घटतात व गवते आणि इसबगोलाच्या प्रजातीतील तणे यांचे वाढतात. अशा थरांत प्रकारांची संख्या चढली, तर ती वाढ अंशतः खरी असू शकते, कारण मोकळ्या जागी प्रकाशप्रिय ओषधी येतात. परंतु वृक्षपरागांचा लोंढा ओसरल्यामुळे, पूर्वीपासून असलेल्या पण गणनेत न सापडणाऱ्या वनस्पतीही आता नोंदल्या जातात. केवळ आकड्यावरून या दोहोंतील भेद कळत नाही.

यासाठी नमुन्यात ठराविक संख्येची परकी बीजुके मिसळून परागांची निरपेक्ष संख्या काढतात, तसेच आजच्या गाळातील पराग व भोवतालच्या वनस्पती यांचा संबंध तपासतात. अलीकडे गाळातील प्राचीन डीएनएचीही जोड मिळाली आहे. त्यावरून काही वेळा जातीपर्यंत ओळख पटते, परंतु तो मुख्यतः सरोवराच्या निकटच्या वनस्पतींचा असतो. पराग मात्र दूरवरूनही आलेले असतात.