कोलस्लॉ : पॉटलकला पुरून उरणारा कोबी

प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ करून आणायचा आणि सगळ्यांनी मिळून जेवायचे, या अमेरिकेतल्या प्रथेला पॉटलक म्हणतात. चर्चच्या सभागृहात असो वा कुणाच्या अंगणात, तिथल्या टेबलावर कोलस्लॉ हमखास असतो. बारीक चिरलेला कच्चा कोबी, थोडे गाजर आणि वरून आंबटगोड मेयोनेज. सामग्री एवढीच. पण हा पदार्थ सकाळी घरी होतो आणि दुपारी दुसऱ्याच्या दारी खाल्ला जातो. कोबीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, हे लक्षात घेतले की त्याचे एवढे तास टिकणे खरोखर नवलाचे वाटते.

हा पदार्थ अमेरिकेत रुजवला तो डच वसाहतकऱ्यांनी. स्वीडनहून आलेला वनस्पतिशास्त्रज्ञ पेर काल्म 1749 साली न्यूयॉर्क वसाहतीतल्या ऑल्बनी गावात उतरला होता. तिथल्या डच घरमालकिणीने कोबीची आतली पाने लांब, अगदी बारीक चिरली आणि त्यांत तेल, व्हिनेगर, मीठ, मिरपूड कालवली. असले सॅलड त्याने कधी पाहिले नव्हते. चिरण्याची जाडीसुद्धा त्याने दैनंदिनीत टिपून ठेवली आहे. तेलाऐवजी पुष्कळदा वितळवलेले लोणी घालतात, हेही लिहिले आहे. मेयोनेज पुष्कळ नंतरचे. ते बरण्यांतून घरोघर पोहोचले विसाव्या शतकात.

आता सुरीखाली काय घडते ते पाहू. कोबी चिरताना पेशी फुटतात आणि एरवी एकमेकांपासून दूर असलेले दोन घटक, सिनिग्रिन आणि मायरोसिनेज नावाचे विकर, एकत्र येतात. त्यातून एक झणझणीत तैलद्रव्य तयार होते. आपण मोहरी फेसतो तेव्हा नाकात जो झणका जातो, तो याच द्रव्याचा. चिरलेला कोबी गार पाण्यातून काढला की त्याचा उग्रपणा बराच उतरतो.

खरी कसोटी मात्र पाण्याची. मीठ आणि साखर पेशींतले पाणी बाहेर ओढतात. चिरलेल्या कोबीवर थेट मेयोनेज ओतले तर तासाभरात भांड्याच्या तळाशी पांढुरके पाणी साचते आणि चव पातळ होते. आपल्याकडे कोबीच्या पचडीत मीठ आयत्या वेळी घालतात, ते याच कारणाने. पॉटलकला जाणाऱ्याला आयती वेळ मिळत नाही, म्हणून तो उलटी वाट धरतो आणि पाणी आधीच काढून टाकतो. किलोभर कोबीला दोन चहाचे चमचे मीठ चोळून तो चाळणीत तासभर ठेवावा. मूठभर कोबी उचलून पाहिला की फरक हाताला कळतो: मघाशी करकरणारे काप आता वाकतात, तुटत नाहीत. मग कोबी धुऊन स्वच्छ फडक्यात घट्ट पिळायचा. माझ्या मते सगळ्या कृतीत हा पिळा सर्वांत महत्त्वाचा. इथे आळस केला तर पुढची मेहनत वाया जाते. त्यानंतर मेयोनेज, सफरचंदाचे व्हिनेगर, साखर, किंचित मोहरीची चटणी आणि सेलरीचे बी. लाल कोबी वापरलात तर व्हिनेगरच्या आंबटपणाने त्याचा जांभळा रंग गुलाबीकडे झुकतो.

नॉर्थ कॅरोलिनातल्या लेक्सिंग्टनला मेयोनेज लागतच नाही. तिथे व्हिनेगर आणि केचप घालून लालसर स्लॉ करतात आणि बार्बेक्यूच्या डुकराच्या मांसासोबत वाढतात. उन्हातल्या जेवणाला मला तोच अधिक योग्य वाटतो.

पदार्थ बाधला की लोक मेयोनेजला दोष देतात. बाजारचे मेयोनेज आम्ल असते, त्यात जंतू सहसा वाढत नाहीत. 1981 मध्ये कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्रांतांत लिस्टेरिया या जंतूमुळे होणाऱ्या आजाराची साथ आली, तिचा माग कोलस्लॉपर्यंत पोहोचला. पण मूळ निघाले कोबीत. त्या शेताला मेंढ्यांचे कच्चे खत घातले होते आणि कोबी हिवाळाभर शीतगृहात होता. लिस्टेरिया थंडीतही वाढतो. हा आजार अन्नातून पसरतो याचा पक्का पुरावा त्याच तपासात मिळाला. म्हणून वरची पाने काढून टाकावीत, गड्डा धुऊनच चिरावा, आणि गर्भवतींना वाढताना विशेष जपावे. टेबलावर भांडे बर्फात ठेवावे. अमेरिकी कृषी खात्याचा नियम दोन तासांचा आहे. हवा 32 अंश सेल्सिअसच्या वर असेल तर एकाच तासाचा. त्यानंतर उरलेला कोलस्लॉ टाकून द्यावा.