भिंतीआडचा आधार

बाथरूमची एक भिंत डोळ्यांसमोर आणा. वरून नुसत्या गुळगुळीत टाइल्स. पण त्यांच्या मागे भिंत मुद्दाम भक्कम करून ठेवलेली. कशासाठी? उद्या इथे राहायला येणाऱ्या कुणाला उठता-बसता धरायला दांडी लागली, तर तिचे स्क्रू पक्के बसावेत म्हणून! अमेरिकेत १३ मार्च १९९१ नंतर वापरात आलेल्या, चार किंवा जास्त घरांच्या इमारतींना कायद्याने ही तयारी ठेवावी लागते: लिफ्ट असेल तर सगळ्या घरांत, नसेल तर तळमजल्यावर. दारंही व्हीलचेअर जाईल एवढी रुंद. इमारत खासगी मालकाची, आणि भिंतीत सोय अजून न आलेल्या माणसाची. हे कळलं तेव्हा मी चकितच झाले.

पण भाडंच परवडत नसेल तर त्या भिंतीचा काय उपयोग? त्यावर १९७४च्या कायद्याने वाट काढली. सरकारने सगळी घरं स्वतःच बांधण्यापेक्षा उभ्या घरांच्या मालकांनाच हाताशी धरलं. आज भाड्याच्या सरकारी मदतीचं व्हाउचर मिळालेलं कुटुंब उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरतं, उरलेलं भाडं स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरण थेट मालकाला देतं. त्याआधी घराची तपासणी होते: नळाला गरम पाणी येतं का, स्मोक अलार्म वाजतो का.

मालकाची भीती मात्र उरतेच. ती आपल्या चांगल्या ओळखीची आहे. ‘भाडेकरू घराची वाट लावेल’ या धास्तीने पुण्या-मुंबईतही फ्लॅट कुलूपबंद पडून असतात. ओरेगन राज्याने २०१३ साली या भीतीलाच हात घातला. केवळ व्हाउचर आहे म्हणून भाडेकरू नाकारायचा नाही, असं मालकांना बजावलं. आणि नेहमीच्या झिजेपलीकडे घराची मोडतोड झाली, तर ५,००० डॉलरपर्यंत भरपाईची सोय केली. धाक आणि दिलासा एकाच कायद्यात! मला यातला दिलासा जास्त मोलाचा वाटतो. मालकाला दोष देणं सोपं असतं, त्याची काळजी वाटून घेणं अवघड.

सगळीकडे असं नाही. टेक्सासने २०१५ साली उलट कायदा केला: व्हाउचर स्वीकारण्याची सक्ती शहरांनी मालकांवर करायची नाही. आणि देशभरात पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी जेमतेम एकाला भाड्याची मदत मिळते. व्हाउचर हातात आल्यावर घर शोधायला सुरुवातीला किमान ६० दिवस मिळतात. मुदत संपेपर्यंत एकही मालक ‘हो’ म्हणाला नाही, तर ते व्हाउचर परत जातं.