सेनापतीची पहिली बायको

भद्रावतीला आमच्या घरी एक वंशावळ आहे. पिवळा पडलेला कागद, सात पिढ्या आणि सगळे बाप्ये! बायकांची जागा 'प्र. कुटुंब', 'द्वि. कुटुंब' एवढीच. एका पणजोबांच्या नावापुढे तर थेट 'द्वि. कुटुंब' आहे. मग पहिलीचं काय झालं? आत्याला विचारलं, तर म्हणाली, "असेल गं कोणीतरी." लग्नात नाव बदलायचं, आडनाव बदलायचं, गाव सुटायचं, आता शोधणार काय आणि कुठे?

पण एखादी बायको अशी गायब व्हायला घर साधंच असावं लागतं असं नाही. पुण्यात वानवडीची शिंदे छत्री बघितलीये ना? त्या महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी ज्याने उभ्या केल्या, त्या जनरल द बॉइनच्या घरची ही गोष्ट. इतिहासाच्या पुस्तकात तो 'डिबॉयन' म्हणून भेटतो. मूळ नाव बन्वा लबोर्न्य, जन्म १७५१, गाव आल्प्सच्या पायथ्याचं शांबेरी. १७८४ मध्ये तो महादजींच्या नोकरीत आला आणि १७९० मध्ये पाटण आणि मेडता, दोन्ही लढाया त्याच्या पलटणींनी गाजवल्या.

याच काळात लखनौची नूर त्याच्या आयुष्यात आली. तिची बहीण फैज बक्ष ही विल्यम पामर या इंग्रज अधिकाऱ्याची बेगम. पामर पुढे १७९८ ते १८०१ पेशव्यांच्या दरबारी पुण्यात रेसिडेंट होता. पामर कुटुंबाचं १७८५ च्या सुमाराचं एक मोठं ऑइल पेंटिंग लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात फैजशेजारी बसलेली तरुणी म्हणजे नूर असावी, असं अभ्यासक मानतात.

नूरला दोन मुलं झाली, बानू जान आणि अली बक्ष. १७९४ मध्ये महादजी गेले, १७९६ मध्ये द बॉइनने भारत सोडला. बायको-मुलं सोबत होती. लंडनला पोचल्यावर मुलांचा बाप्तिस्मा झाला. मुलगी झाली ॲन, मुलगा चार्ल्स अलेक्झांडर. आणि नूर झाली हेलेना बेनेट. 'मिसेस द बॉइन' नाही हं, बेनेट!

कारण १७९८ च्या जूनमध्ये साहेबांनी दुसरं लग्न केलं. नवरी अदेल दॉस्मों, फ्रेंच सरदार घराण्यातली, वय १७. नवरदेव ४७ चे! लखनौचं नातं त्याने 'लग्न' म्हणून मोजलंच नाही. (कागदाचा हिशेब किती सोयीचा असतो बघा.) हे नवं लग्नही धड टिकलं नाही. अदेल बहुतेक काळ वेगळीच राहिली. तिने लिहिलेल्या आठवणी मात्र १९०७ पासून छापून आल्या आणि आजही वाचल्या जातात. नूरने असं काही लिहून ठेवलेलं नाही.

म्हणून नूरचा माग काढायचा तर इंग्लंडमधले कागदच हाताशी येतात. ससेक्समधल्या हॉर्शमजवळ लोअर बीडिंग नावाचं गाव आहे. तिथे ती द बॉइनने लावून दिलेल्या पेन्शनवर राहिली. मुलगी ॲन १८०४ मध्ये गेली. मुलगा बापाकडे सव्हायला गेला, तिथेच लग्न करून संसाराला लागला आणि वारसही तोच ठरला. म्हणजे आईचं नातं कच्चं, पण तिचा मुलगा पक्का! मला राग येतो तो इथे.

आणि फैज? तिचा पामर १८१६ मध्ये वारला. मृत्युपत्रात त्याने तिच्यासाठी तरतूद केली होती आणि तिचा उल्लेखही मायेने केला होता. सख्ख्या बहिणी, दोघींचे नवरे परदेशी, पण एकीचं नाव कागदावर राहिलं.

द बॉइन १८३० मध्ये वारला. शांबेरीत त्याच्या स्मरणार्थ कारंजं आहे, चार दिशांना चार हत्ती. हत्ती अर्थात हिंदुस्थानच्या आठवणीतले. नूर त्याच्यानंतर २३ वर्षं जगली. १८५३ च्या डिसेंबरात ती गेली, आणि हॉर्शमच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात तिला पुरलं. तिथल्या नोंदीतही ती हेलेना बेनेटच आहे.