गाठोडे लहान, पण सुटते किती वेळात?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपात जी गावे उद्ध्वस्त झाली, त्यांत तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातले सास्तूर होते. अशा वेळी माणसांबरोबर कागदही ढिगाऱ्याखाली जातात. वारसाची नोंद नाही, शाळेचा दाखला नाही, म्हणजे वाचलेल्याची परवडच. म्हणून दप्तराची दुसरी प्रत दूर कुठेतरी असावी. संगणकामुळे ते सोपे झाले आहे. पण एक नोंद बदलली की सगळे दप्तर पुन्हा साठवायचे का?

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. लिनक्सच्या कामातील प्रत्येक बदलाचा इतिहास सांभाळण्यासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ‘गिट’ तयार केले. ते आधी प्रत्येक आवृत्ती पूर्ण साठवते. पुढे सगळ्यांचे एक गाठोडे बांधते. त्यात एक प्रत अखंड राहते, तिच्यासारख्या इतरांचा फक्त फरक टिपला जातो. हजार ओळींच्या यादीत एक नाव बदलले, तर तेवढीच ओळ लिहिली की भागते.

एरवी गिट प्रत्येक फाईल जवळच्या १० फायलींशी ताडून पाहते आणि फरकांची साखळी ५० कड्यांपर्यंत जाऊ देते. १० ऐवजी १०० फायलींशी ताडली, तर गाठोडे लहान होऊ शकते. पण वेळ आणि मेमरी जास्त लागते. साखळी लांबवली, तर जागा वाचते. पण नोंद काढताना एकेक कडी उलगडावी लागते.

मग योग्य काय? मोजून पाहावे. दप्तर तेच, यंत्र तेच, बदल एका वेळी एकच. बांधायला लागलेला वेळ, गाठोड्याचा आकार आणि सोडायला लागलेला वेळ, हे तिन्ही आकडे लिहावेत. एकदा मोजून भागत नाही. पहिल्या खेपेस डिस्कवरून आणलेली माहिती दुसऱ्या खेपेस मेमरीत तयारच असते. गिटच्या वेगचाचण्या एरवी तीनदा चालतात आणि सर्वांत कमी वेळ धरतात. यंत्रावरच्या इतर कामांमुळे वेळ वाढतो, घटत नाही.

शेवटची तपासणी सर्वांत महत्त्वाची. बाहेर आलेली नोंद अक्षरशः तीच आहे का? गिट मजकुरावरून गणिताने ओळखखूण काढते. एक अक्षर बदलले, तरी खूण जुळत नाही. मात्र अखंड ठेवलेली प्रतच बिघडली, तर तिच्यावर विसंबलेल्या साऱ्या आवृत्त्या जातात. तेव्हा गाठोडे कितीही नेटके बांधा, ते एकाच छपराखाली ठेवू नका.