फवारणीआधीच मारलेली बाजी

डाळिंबावर तेल्या दिसला की सांगोल्यापासून सटाण्यापर्यंत बागायतदारांची झोप उडते. आधी पानावर तेलकट ठिपका, मग फळावर काळा डाग, शेवटी फळच उकलतं. रोग जिवाणूचा, पावसाची रिपरिप आणि उबदार ओल मिळाली की बागभर पसरतो. म्हणून अशा बागेत मृग बहार सोडून हस्त बहार धरायचा. फळं कोरड्या हवेत पोसतात, जिवाणू हात चोळत बसतो! छाटणीची कात्रीही प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करायची, नाहीतर रोग आपणच वाटत सुटतो.

पपईची युक्ती मला सर्वांत आवडते. रिंगस्पॉट विषाणू पसरवतो तो मावा. रोगट पानात सोंड खुपसली की विषाणू टोकाला चिकटतो, पण दोन-चार ठिकाणी टोचलं की निघूनही जातो. मग पपईभोवती मक्याच्या दाट ओळी लावायच्या. उडत आलेला मावा आधी मका चाखतो, सोंड तिथंच साफ! मक्याला या विषाणूची बाधाच होत नाही. काकडी-भोपळा मात्र शेजारी नको. त्या वेलांवर हा विषाणू सुखाने नांदतो. हवाईतल्या पुना भागात 1992 साली हा रोग शिरला, तेव्हा डेनिस गोन्साल्विस यांच्या चमूचे प्रयोग आधीच सुरू होते: विषाणूच्याच आवरणाचं जनुक पपईत घालायचं. 1998 साली ‘रेनबो’ पपई शेतकऱ्यांच्या हाती आली आणि तिथला पपईचा धंदा तगला.

संत्र्याच्या डिंक्याला रोखायचं तर कलमाचा जोड मातीत गाडू नये आणि पाणी बुंध्याला लागू देऊ नये. दुहेरी आळं असतं ते याचसाठी.

केळीची गोष्ट जरा धडकी भरवणारी. पनामा मर रोगाने ‘ग्रो मिशेल’ ही जात 1960च्या सुमारास जागतिक बाजारातून हटवली. तिच्या जागी कॅव्हेंडिश आली. जळगावची जी-नाईन त्याच घराण्यातली. आता त्याच रोगाची टीआर 4 ही नवी बुरशी कॅव्हेंडिशलाही धरते आणि मातीत कित्येक दशकं दबा धरून राहते. म्हणून रोगाच्या भागातले कंद स्वस्त मिळाले तरी आणू नयेत.

आणि एवढं करूनही फवारणीची वेळ आलीच, तर बोर्डो मिश्रण: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी, पिंप प्लास्टिकचं. लोखंडी विळा बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी निवळी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा.