खांदा, गाल आणि दस्ता

जुन्या बंदुकांविषयी लिहिणाऱ्यांचे लक्ष बहुधा नळीवर असते. व्यास, काडतूस, पल्ला यांची चर्चा होते. लाकडी दस्त्याच्या वाट्याला नक्षीकामाचे कौतुक तेवढे येते. मला हा अन्याय वाटतो. गोळी कुठवर जाईल ते नळी सांगते. ती झाडणारा माणूस उभा होता, बसला होता की आडवा पडला होता, हे दस्ता सांगतो. एकोणिसाव्या शतकातील एकबारी रायफली, म्हणजे एका वेळी एकच काडतूस किंवा एकच बार घेणाऱ्या, या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत.

आपल्या वस्तुसंग्रहालयांतील अनेक तोड्याच्या बंदुकांचा दस्ता सरळ आणि अरुंद दिसतो. अमेरिकेतील ठासणीच्या रायफलीचे वळण वेगळे. सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंच्या रायफलीला दस्त्याच्या टोकाशी चंद्रकोरीसारखी खोल पट्टी असे. ती खांद्याच्या खळग्यात धरायची नव्हेच. कोरीची दोन टोके दंडाला कवेत घेत. उभ्याने नेम धरणाऱ्याला ही बैठक सोयीची होती. मात्र हीच कोर खांद्यावर टेकवून जड काडतूस झाडले, तर सारा धक्का दोन टोकांवर एकवटतो आणि खांदा ठणकतो.

1874 साली न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर आयरिश आणि अमेरिकी संघांचा सामना झाला. अंतरे 800, 900 आणि 1000 यार्ड. अमेरिकी संघ 934 विरुद्ध 931 गुणांनी जिंकला. आयरिश नेमबाजांकडे रिग्बीच्या ठासणीच्या रायफली होत्या, अमेरिकनांकडे शार्प्स आणि रेमिंग्टनच्या मागून भरायच्या. इतक्या अंतरावर नेम आडवे पडूनच धरला जाई. काही जण तर उताणे पडून, पाय लक्ष्याकडे करून, नळी पायावर टेकवीत. अशा वेळी डोळा मुठीपासून फार मागे जातो, म्हणून मागची मोजपट्टीची माशी दस्त्याच्या टाचेवर बसवण्याची सोय केलेली असे. आडव्या माणसाला कोरीची टोके बोचतात. त्याला शॉटगनसारखी रुंद, सपाट टाच हवी.

याच्या उलट टोकाला जर्मन स्थलांतरितांची शुत्सेन मंडळे. तिथे 200 यार्डांवर, खड्या अंगाने, कशाचाही आधार न घेता नेमबाजी चाले. त्यांच्या जड रायफलीला काखेखाली अडकणारा आकडा, गालाला उंच टेकू आणि डाव्या तळव्यासाठी नळीखाली लाकडी गोळा असे. उभ्या माणसाला हे सारे उपयोगी. रानात फिरणाऱ्याला तेच अडगळ.

दस्त्याची वरची कड अधिक नाजूक बाब आहे. उघड्या माशीसाठी डोळा नळीलगत खाली न्यावा लागतो, म्हणून जुन्या दस्त्यांची कड खाली उतरलेली असते. दुर्बीण नळीच्या वर बसते. त्याच दस्त्यावर ती चढवली की गाल अधांतरी राहतो. शिवाय कड मागे फार उतरती असेल, तर धक्क्याने रायफल मागे येताना कडेचा पुढचा उंच भाग गालाखाली घुसतो आणि गालफडावर थप्पड बसते. पुष्कळदा दोष काडतुसाला दिला जातो; तो असतो या उताराचा.

मुठीचे दोन प्रकार: सरळ आणि पिस्तुलासारखी वळलेली. सरळ मुठीवर हात मोकळा सरकतो. वळलेल्या मुठीने मनगट स्थिर राहते आणि सावकाश चाप ओढणाऱ्याला मदत होते. मूठ हाच दस्त्याचा सर्वांत बारीक, म्हणून सर्वांत कच्चा भाग. अक्रोडाचे लाकूड निवडताना टोकाकडची सुंदर लहर पाहून भुलू नये; मुठीतून रेषा सरळ लांबीच्या दिशेने गेल्या आहेत ना, हे आधी पाहावे. तिरप्या रेषेवर मूठ फाटते. मार्टिनी-हेन्रीचा दस्ता आतून आरपार जाणाऱ्या लांब बोल्टाने धातूच्या चौकटीला आवळलेला असतो, तर शार्प्सचा वरखाली निघालेल्या धातूच्या जिभांत धरलेला. दुसऱ्या पद्धतीत लाकूड चोख बसलेले नसेल तर प्रत्येक बार पाचरीसारखे काम करतो.

आज मोंटानातील बिग टिंबर या लहानशा गावी शार्प्सच्या नव्या आवृत्त्या बनतात आणि गिऱ्हाइकाला टाच, मूठ, गालाचा टेकू निवडता येतो. छायाचित्रात चंद्रकोर सर्वांत देखणी दिसते, आणि मोह तिथेच पडतो. मी क्रम उलटा सुचवीन: आधी नेम कसा धरणार ते ठरवावे, मग टाच, माशी की दुर्बीण ते ठरवावे, मग कड, मग मूठ, आणि शेवटी लाकडाची लहर. कारागिरांनी ही वळणे माणसाच्या बैठकीवरून काढली होती. ती बैठक सोडून नुसते वळण घेतले, तर त्याची किंमत खांदा आणि गाल मोजतात.